मधून गोटा, कडेला कोरा

सोमवारची सकाळ, वाकडचा सिग्नल. शेजारच्या स्कूटरवरच्या काकांनी माझ्या गाडीच्या तोंडाकडे बोट केलं. "लाइट फुटलाय का हो?"

लाइट शाबूत होता. काचेवर टेपच्या डिंकाचे दोन आडवे पट्टे राहिले होते आणि त्यावर धूळ बसून ते तडा गेल्यासारखे दिसत होते. "टेप लावली होती," मी म्हटलं. "कशाला?" सिग्नलचे सतरा सेकंद उरले होते. तेवढ्यात रेसट्रॅक, तिथली तपासणी, पडलोच तर काचेचे तुकडे ट्रॅकवर पसरू नयेत म्हणून लावायची टेप, एवढं सगळं काही सांगून होत नाही. "अशीच," म्हटलं. काकांनी निकाल देऊन टाकला: "रॉकेल लावा, निघेल." आणि हिरवा लागला.

रॉकेल हल्ली मिळतं कुठे, हा विचार करतच हिंजवडी आली.

गाडी केटीएमची ड्यूक, दोनशेची. 2014 सालची, मी सेकंडहँड घेतलेली. 199.5 सीसीचं इंजिन, 25 हॉर्सपॉवर, जेमतेम साडेदहा लिटरची टाकी, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) नाही. नाव ऑस्ट्रियन असलं तरी जन्म चाकणचा. बजाजने 2007 मध्ये केटीएममध्ये भागीदारी घेतली आणि 2012 च्या जानेवारीत ही गाडी भारतात आली ती चाकणच्या कारखान्यातूनच. आमच्या आजोबांना चाकण म्हटलं की कांद्याचा बाजार आठवायचा. वडील फिरंगोजी नरसाळ्यांवर सुरू व्हायचे, 1660 चा वेढा, शाइस्तेखान, संग्रामदुर्गाचा पडलेला बुरूज, थेट जेवण गार होईपर्यंत. माझ्यापर्यंत येता येता चाकणची ही नारिंगी फटफटी झाली.

या जातीच्या गाडीला नेकेड म्हणतात. इंजिनावर, चौकटीवर फायबरचं आवरण नाही, नळ्या-हाडं सगळी बाहेर. हे मी आईसमोर एकदाच बोललो. तिने ते शेजारी "उघडी गाडी घेतलीय त्याने" असं पोचवलं, आणि शेजारच्या काकूंना दोन दिवस वाटत होतं की मी जीप घेतली. मागची सीट पाटाच्या तुकड्याएवढी आणि पाटापेक्षा कडक. आई तिच्यावर एकदा बसली, चतुःशृंगीपर्यंत. दर्शन झाल्यावर म्हणाली, "जाताना मला रिक्षा करून दे."

बाकी रोजच्या कामाला मात्र गाडी फार गुणाची. वजनाला हलकी, हँडल रुंद, बसायला ताठ. वारज्याहून निघायचं, चांदणी चौक, बावधन, पाषाण, बाणेर, वाकड. चांदणी चौकातला जुना पूल 2022 च्या ऑक्टोबरात स्फोटाने पाडला, तो पडल्यावर आता सुटलो असं वाटलं होतं. सुटलो नाही, फक्त अडकायची जागा पुढे सरकली. तिथे तासभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना रेडिएटरचा पंखा सुरू होतो आणि गरम हवा थेट नडग्यांवर येते. मे महिन्यात ही गाडी चालवणं म्हणजे दोन मांड्यांमध्ये शेगडी धरून बसणं. थंडीत तीच शेगडी बरी वाटते, पण पुण्यात थंडी राहिलीय किती.

आता गंमत सांगतो. वारजे ते वाकड हा माझा रोजचा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 48. हाच रस्ता कात्रजच्या बोगद्यातून पुढे सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, बंगळुरू करत चेन्नईला जातो. आणि चेन्नईच्या अलीकडे, श्रीपेरुम्बुदूरजवळच्या इरुंगाट्टुकोट्टई नावाच्या गावात, याच रस्त्यालगत मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा रेसट्रॅक आहे. मला हे कळलं तेव्हा मी नकाशावर बोट ठेवून साडेअकराशे किलोमीटर सरकवत नेलं. बोट कुठेही रस्ता सोडून गेलं नाही. हिंजवडीसाठी मी वाकडला डावीकडे वळतो, त्याऐवजी घरून निघतानाच उलटं तोंड केलं आणि कुठेच वळलो नाही, तर ट्रॅकच्या दारात. माणसाला बिघडवायला एवढं पुरतं.

पण मी ट्रॅकवर गेलो तो या योगायोगाने नाही. गेलो ते घाबरून.

पुण्यात गाडीचा नाद असलेल्या माणसाचा रविवार ठरलेला असतो. पहाटे पाचला चांदणी चौक, मग पिरंगुट, मुळशी, ताम्हिणी. वाटेत मिसळ, परत येताना फोटो. ताम्हिणीच्या वळणांवर गाडी कलली की वाटायचं, आपल्याला येतं. चार जण मागे राहिले की खात्रीच. एका पावसाळी रविवारी एका उजव्या वळणात मी असाच खात्रीने शिरलो आणि वळणाच्या पोटात समोरून एसटी आली. ती तिच्या लेनमध्ये होती. मी माझ्या लेनमध्ये नव्हतो, मधल्या रेषेवर होतो, आणि डोकं तर रेषेच्या पलीकडे कललेलं. ड्रायव्हरने हॉर्नसुद्धा वाजवला नाही, बहुधा वेळच नव्हता. एसटीच्या कुशीवरचा लाल रंग हेल्मेटच्या काचेत भरून गेला आणि ओसरला. पुढे जाऊन मी गाडी उभी केली. हातमोजा काढता येईना, बोटं थरथरत होती.

त्या दिवशी मला कळलं ते असं की मी ते वळण कसं घेतलं, हे मला सांगता आलं नसतं. ब्रेक कुठे सोडला, नजर कुठे होती, थ्रॉटल, म्हणजे वेगाची मूठ, किती पिळली होती, यातलं काहीच माहीत नव्हतं. आजवर निभावलं ते एसटी दर वेळी दोन सेकंद उशिरा आली म्हणून.

मग चौकशी सुरू केली. आता मावळात नानोलीला ट्रॅक झालाय, सकाळी घरून पोहे खाऊन जाता येतं. तेव्हा नव्हता. मोठ्या गाड्यांसाठी ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, सव्वापाच किलोमीटरला थोडा कमी. माझ्या दोनशेला तिथल्या लांबलचक सरळ पट्ट्यावर झोप लागली असती. कोइम्बतूरजवळ चेट्टिपाळयमला करी मोटर स्पीडवे, करिवर्धन या जुन्या रेसरच्या नावाचा, लहान आणि वळणदार. आणि चेन्नई. मी चेन्नई धरलं, कारण तो रस्ता माझाच होता.

गंमत अशी की पहिल्या खेपेला त्या रस्त्याने गेलोच नाही. गाडी रेल्वेने पाठवली.

पुणे स्टेशनच्या पार्सल ऑफिसात गाडी पाठवणं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आरसीची झेरॉक्स, ओळखपत्राची झेरॉक्स, आणि टाकीत पेट्रोलचा थेंब नको. टाकी रिकामी करायची म्हणजे नळी काढून बाटलीत पेट्रोल उतरवायचं, आणि आजूबाजूला ती बाटली घ्यायला दोन-तीन जण अगदी सहज उभे असतात. मग पॅकिंगवाला. त्याने गाडीला आधी पेंढा बांधला, मग त्यावर गोणपाट, मग सुतळी. हँडलच्या टोकांना चिंध्यांचे गोळे. दाभण असं चालत होतं की गादी शिवतोय असं वाटावं. दहा मिनिटांत माझी नारिंगी, टोकदार, चिडक्या चेहऱ्याची ड्यूक बाजाराला निघालेल्या शेळीसारखी दिसायला लागली. पुठ्ठ्यावर मार्करने 'पुणे ते चेन्नई' लिहून त्याने तो तिच्या पोटावर शिवला. "रेसला चाललीय," मी जरा ऐटीत म्हटलं. त्याने सुतळी दातांनी तोडली आणि विचारलं, "ही? दोनशेची?"

चेन्नई सेंट्रलला ती सोडवून घेतल्यावर बाहेरच्या पंपापर्यंत ढकलत न्यावी लागली. कोरड्या टाकीच्या गाडीला ढकलताना समुद्राकडची हवा अंगाला कशी चिकटते, हे तिथे कळलं. गोणपाटाचे धागे चेनमध्ये अडकले होते, ते मी ट्रॅकवर पोचेपर्यंत काढत होतो.

या ट्रॅकचा जन्म 1990 चा. त्याच्या आधी मद्रासच्या शर्यती शोलावरमला, दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या धावपट्टीवर व्हायच्या. एक फेरी 3.717 किलोमीटर. ट्रॅक-डे म्हणजे शर्यत नव्हे, हे आधी सांगायला हवं, कारण ऑफिसात अजूनही मला "कितवा आलास?" असं विचारतात. पैसे भरायचे, गाडी तपासून घ्यायची, अनुभवाप्रमाणे गट पाडतात, आणि दर तासाला आपल्या गटाला पंधरा-वीस मिनिटं ट्रॅक मिळतो. कुणी पहिला नाही, कुणी शेवटचा नाही. निदान कागदावर तरी.

तपासणीआधी गाडी उतरवायची. नंबरप्लेट काढा, इंडिकेटर काढा किंवा टेप लावा, हेडलाइटला टेप. चेनला किती ढील आहे ते बघतात, ब्रेक बघतात, कुठे तेल गळतंय का ते बघतात. आणि आरसे काढायचे.

आरसे काढताना मी अडखळलो. रोज हिंजवडीला जाणाऱ्या माणसासाठी आरसा म्हणजे अर्धा जीव. मागून पीएमपीची बस येतेय, कॅबवाला डावीकडून घुसतोय, वॉटर टँकर सुटलाय, सगळं आरशात. इथे म्हणे मागे बघायचंच नाही. मागून येणाऱ्याने पुढच्याला जपायचं, पुढच्याने आपली रेघ धरून चालायचं, अचानक इकडेतिकडे व्हायचं नाही. एवढाच करार. पहिल्या सत्रात माझ्या मानेला ते पटेना, ती आपोआप आरशाच्या जागी जायची आणि तिथे नुसतं आभाळ दिसायचं. सरळ पट्ट्यावर हजार सीसीवाले असे निघून जायचे की आधी धक्का, मग आवाज. पण कुणी कट मारला नाही. सगळे एकाच दिशेने चाललेत आणि प्रत्येकाला दुसरा काय करणार हे माहीत आहे, अशा रस्त्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा गाडी चालवत होतो. वारज्यात राहणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठी चैन ती काय.

सरळ पट्टा संपला की सी-वन, वेगवान उजवं वळण. दोनशेचा आकडा तिथे एकशेतीसच्या आसपास येऊन थकतो. नेकेड असल्याने सगळा वारा छातीवर, त्यामुळे हनुवटी टाकीला टेकवून, कोपर आत घेऊन, जमेल तेवढं लहान व्हायचं. ताशी एकशेतीसला अंगावरचा सैल पट्टासुद्धा चाबकासारखा वाजतो.

दुपारी शिकवणाऱ्याने, बंगळुरूच्या एका शांत तरुणाने, मला बाजूला घेतलं. "त्या डाव्या वळणात तू काय बघतोस?" मी म्हटलं, "वळण." "वळणात काय?" मी आठवायला लागलो. आणि आठवलं की मी पुढच्या चाकापुढचं दहा-बारा मीटर डांबर बघत होतो. खड्डा बघतो तसं. पुण्याने लावलेली सवय ती, पुण्यात नजर खाली नसेल तर चाक वाकतं. तो म्हणाला, "तिथे खड्डा नाहीये. असला तरी एवढ्या जवळून दिसून तू काय करणार? वळण जिथे संपतं तिथे बघ."

ऐकायला काहीच नाही. करायला गेलं तर डोळे जुमानत नाहीत. वळणाच्या शेवटाकडे बघायचं म्हणजे मान खांद्यावरून फिरवायची आणि ज्या डांबरावरून आपण आत्ता जातोय ते नजरेच्या कडेवर सोडून द्यायचं. पहिल्यांदा जमलं तेव्हा वेग तोच असून वळण संथ झालं. खरंच संथ. लाल-पांढरा कठडा आपल्याकडे येण्याऐवजी मी त्याच्याकडे जातोय असं वाटलं. ताम्हिणीत मला वाटायचा तो वेग नव्हताच, ती जवळ बघण्याची घाई होती.

दुसरं शिकलो ते हँडलचं. उजवीकडे वळायचं तर उजवं हँडल पुढे ढकलायचं. लहानपणी सायकलवर हे सगळे नकळत करतात, पण जाणून केलं की गाडी कलण्यात जो तत्परपणा येतो तो वेगळाच. दोनशेचं वजन इतकं कमी आणि हँडल इतकं रुंद की तळहाताचा दाब पुरतो. शेजारच्या पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगत गाड्या लावायच्या जागेत, एक जण भली मोठी हजार सीसी घेऊन आला होता. तो सरळ पट्ट्यावर मला क्षणात सोडून जायचा आणि पुढच्या वळणात त्याचा ब्रेकलाइट टेपआडून माझ्या तोंडापुढे यायचा. वळणातून उठताना थ्रॉटल किती उघडायचा याची त्याला धास्ती. मला धास्ती कसली? पंचवीस हॉर्सपॉवर. मूठ पूर्ण पिळली तरी मागचं चाक काही बंड करत नाही. मी गाडीतलं होतं-नव्हतं ते सगळं वापरत होतो, त्याने पाव गाडीला हात लावला असेल. लहान गाडीची बाजू मी इथे नेहमी जरा जास्तच लावून धरतो, हे मला माहीत आहे. त्याच्याइतके पैसे असते तर हे तत्त्वज्ञान टिकलं असतं का, ठाऊक नाही. पण चूक झाली की त्याला ती वेगाखाली झाकता येत होती. मला झाकायला वेग नव्हता. वळणात दोन किलोमीटर गमावले की ते सरळ पट्टाभर परत मिळत नाहीत, इंजिन तेवढं बोंबलत राहतं.

पडलो तो दुसऱ्या खेपेला.

त्या खेपेला मी मूर्खपणा करून पुण्याहून गाडी चालवतच गेलो. दोन दिवस, मध्ये चित्रदुर्गला मुक्काम. साडेदहा लिटरची टाकी म्हणजे दर दोन-अडीचशे किलोमीटरला पंप शोधणं, आणि पाटावर बसून साडेअकराशे किलोमीटर काय असतात ते मी सांगत नाही. बॅगेत लेदरचा सूट, पाठीला तो पंधरा किलोचा भासायचा. पोचलो तेव्हा अंग शिणलेलं होतं. दुसऱ्या दिवशी उतरायलाच नको होतं. उतरलो.

तिसऱ्या सत्रात पुढे एक तीनशे सीसी होती आणि मला ती गाठायची होती. ट्रॅक-डेला कुणी कुणाला गाठत नाही हे वर लिहिलं तेच कागदावरचं. ब्रेक उशिरा मारला, आणि गाडी कलवायला लागलो तरी बोटं ब्रेकवरून सुटली नाहीत. कलताना दाब कमी करत जायचा असतो, मी वाढवला. पुढच्या टायरकडे जेवढी पकड असते त्यातली सगळी मी थांबायला मागितली आणि वळायलाही मागितली. हँडल हातात एकदम हलकं झालं. पडताना आवाज असा काही येत नाही, येतं ते हलकेपण. मग डाव्या कुशीवर घसरत चाललोय, गाडी माझ्यापुढे तीन-चार हात अंतरावर ठिणग्या उडवत तीच रेघ धरून चाललीय, आणि मला उगीचच तिची आरसे नसलेली मुंडी केविलवाणी वाटतेय. मातीत थांबलो. हेल्मेटच्या फटीतून तोंडात माती आली होती. मार्शलने पिवळा झेंडा धरला होता, दुसरा धावत येत होता. मी उठून उभा राहिलो आणि पहिला विचार काय आला? सोमवारी ऑफिसला कसं जायचं.

लहान उघड्या गाडीचं खरं कौतुक मला त्या तासाभरात वाटलं. क्लचचा लिव्हर मोडला, गिअरचा पाय वाकला, हँडलचं टोक पेन्सिल छिलावी तसं घासलं, डावं फुटरेस्ट थोडं वर गेलं. संपलं. फुटायला फायबर नव्हतंच. गाव श्रीपेरुम्बुदूर, मेकॅनिक तमिळ, माझी तमिळ शून्य. 'लिव्हर', 'बेंड', 'पाइप' एवढ्या शब्दांवर काम झालं. त्याने गिअरच्या पायात लोखंडी पाइप घातला, एका हाताने चौकट धरली आणि ऊस मोडावा तसा दाब देऊन तो सरळ केला. नवा लिव्हर दुसऱ्या कुठल्याशा गाडीचा बसवला, तो आजतागायत तोच आहे, किंचित लांब. पैसे घेतले ते मी मोठ्याने सांगितले तर पुण्यातले मेकॅनिक मला मारतील. वर ताक पाजलं, कढीपत्ता घातलेलं.

हजार सीसीवाल्याने त्याच दिवशी एका जागी नुसती गाडी उभी करताना आडवी पाडली, आणि एका पॅनेलच्या किमतीचा विचार करत तो संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलला नाही.

ट्रॅकवर गेल्याने माणूस रस्त्यावर सुरक्षित होतो असं या नादातले सगळे सांगतात. घरच्यांना तर हमखास सांगतात. मला ते अर्धंच पटतं. ट्रॅकवर कुत्रं आडवं येत नाही. वाळू नसते, उलट्या दिशेने दूधवाला नसतो, नवले पुलाच्या उतारावर न्यूट्रलमध्ये सोडलेला ट्रक नसतो. तिथे जो विश्वास शिकवतात, की पुढचा आपली रेघ सोडणार नाही, तो वाकडच्या चौकात घेऊन गेलात तर पहिल्या रिक्षातच संपाल. परत आल्यावर पहिला आठवडा मी नेहमी वाईट चालवतो. सगळं सावकाश वाटतं, चीड येते, फटीत घुसावंसं वाटतं. एकदा बायकोने मागून पाठीत गुद्दा घातला, "चेन्नई संपली."

पण एक गोष्ट उरली, ती सांगतो. जूनचा पहिला पाऊस, बाणेरचा उतार. वर्षभराचं तेल आणि धूळ पहिल्या सरीने वर येते आणि डांबर साबणासारखं होतं, हे पुण्यात सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी दर वर्षी माणसं पडतात. माझ्यापुढच्या कारने काही कारण नसताना ब्रेक मारला. एबीएस नाही. जुना मी असतो तर मूठ आवळली असती आणि पुढचं चाक गेलं असतं. त्याऐवजी दोन बोटं लिव्हरवर गेली, आधी नुसतं टेकणं, पुढचे शॉकॲब्सॉर्बर बसू देणं, वजन पुढच्या चाकावर येऊ देणं, आणि मग दाब. हे लिहायला वेळ लागला, व्हायला लागला नाही. नजर कारच्या डिकीवर नव्हती, तिच्या डावीकडच्या मोकळ्या फटीवर होती. गाडी तिथे जाऊन थांबली. कारवाल्याला काही कळलंही नाही. तो फोनवर होता.

आणि वेग. कोरड्या चांगल्या रस्त्यावर साठवरून थांबायला सुमारे वीस मीटर लागत असतील, तर एकशेवीसवरून चाळीस नव्हे, ऐंशी लागतात. हे शाळेतलं गणित आहे, वेग दुप्पट की अंतर चौपट. पण ट्रॅकवर वळणाआधी अंतराच्या पाट्या लावलेल्या असतात आणि आपण त्या रोज एकेक करून मोजत, हुकत, घाबरत शिकतो. बायपासवर मला आता त्या पाट्या दिसतात. शंभरने चाललेल्या पोराच्या आणि पुढच्या टेम्पोच्या मध्ये किती पाट्या उरल्यात ते दिसतं. म्हणून मी डावीकडून सत्तरने जातो. ऑफिसातली मुलं म्हणतात, रेसर म्हणे, आणि स्कूटरवाले ओव्हरटेक करतात याला.

हेल्मेटबद्दल काही लिहीत नाही. पुण्यात हेल्मेट ही राजकीय भूमिका असते. 2019 च्या सुरुवातीला सक्ती सुरू झाली तेव्हा लोक रस्त्यावर उतरले होते. मी त्या दिवसांत गळ्यापासून घोट्यापर्यंत लेदर घालून चेन्नईत घाम गाळायला पैसे भरत होतो. सोसायटीतल्या आजोबांना हे कळल्यावर त्यांनी माझ्याशी हेल्मेटवर बोलणं सोडलं. माझी केस हाताबाहेर गेली असं त्यांचं मत.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

गेल्या आठवड्यात मागचं चाक सर्व्हिस रोडवर बसलं. खिळा. ढकलत पंक्चरवाल्याकडे नेली. पन्नाशीचा माणूस, टपरीवर टायरचा हार टांगलेला. त्याने चाक फिरवून खिळा शोधला आणि मग खिळा सोडून टायरच बघत बसला. अंगठा मधोमध ठेवला आणि कडेपर्यंत फिरवत नेला. परत मध्ये आणला.

"टायर संपलाय साहेब. मधून गोटा."

ते मला माहीत होतं. रोजचे पंचवीस-तीस किलोमीटर सरळ, बायपासवर, टायर फक्त मधूनच झिजतो. गोल असायला हवा तो सपाट होतो, पोळपाटासारखा, आणि मग गाडी कलवताना त्या सपाटीच्या धारेवरून ती एकदम घरंगळते. चेन्नईला दुसऱ्या खेपेला ते जाणवलंच होतं. हिंजवडीने घडवलेला टायर ट्रॅकवर बोचतो आणि ट्रॅकसाठी घ्यावा असा मऊ टायर हिंजवडी चार महिन्यांत खाऊन टाकते. या दोन कामांना एक गाडी पुरते, एक टायर पुरत नाही, हा माझ्या घरच्या जमाखर्चातला जुना वाद आहे.

पंक्चरवाल्याला मात्र मधल्या गोट्याचं नवल नव्हतं. "गोटा सगळ्यांचाच होतो," तो म्हणाला. "मधून गोटा, कडेला कोरा. इथे येणारा प्रत्येक टायर तसाच. तुमची कड कोणी खाल्ली?"

कडेला रबराच्या बारीक गोळ्या धरल्या होत्या, खोडरबर घासल्यावर पडतात तशा. नानोलीला महिन्यापूर्वी अर्धा दिवस गेलो होतो, त्या. अगदी शेवटच्या धारेपर्यंत टायर वापरलेला होता. दोन्ही बाजूंनी. खरं सांगायचं तर मला त्या कडांचा अभिमान आहे, पार्किंगमध्ये गाडी लावताना मी मागचं चाक जरा दिसेल असं लावतो.

"तिरकी चालवली," मी म्हटलं.

"तिरकी?"

मी हात आडवा करून दाखवला. त्याने माझ्या हाताकडे बघितलं, चाकाकडे बघितलं, मग उठून गाडीच्या मागे गेला, एक डोळा मिटून मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत नजर लावली. डावं घासलेलं हँडलचं टोक त्याला दिसलं. लांबडा लिव्हर दिसला.

"पडली होती का कधी?"

"हो."

"मग बरोबर." त्याचं समाधान झालं. "चाक धरणारा चिमटा वाकडा आहे. चाक तिरकं पळतंय, म्हणून कड खातंय. नवीन टायर टाकाल तर तोही खाईल. आधी चिमटा सरळ करून घ्या."

मी दोन-तीनदा समजावलं. ट्रॅक, वळण, मुद्दाम. तो ऐकत ऐकत टायर रिममधून काढत होता, दोन लोखंडी पट्ट्या घालून, गुडघा ठेवून. नवा टायर चढवला, हवा भरली, थुंकी लावून वॉल्व्ह तपासला. पैसे घेताना म्हणाला, "नवा आहे, वरून मेण असतं, शंभरेक किलोमीटर जपून. पाऊस पण आहे."

जुना टायर त्याने ढिगावर टाकला. तो घरंगळून परत खाली आला, तर उचलून ठेवला, आणि ठेवताना पुन्हा एकदा कडेवरून अंगठा फिरवला.

मी डावीकडून, चाळीसने, घरी आलो.